वरून कीर्तन, आतून तमाशा: एका मॉरिस मायनर टूररचा व्यवहार

१९५५ ची मॉरिस मायनर टूरर, म्हणजे कापडी छताची. "दोन्ही सिल, क्रॉस मेंबर, फ्लोअर नवीन टाकलंय, आता पंधरा वर्षं बघायला नको," असं दलालाने मेसेजवर लिहून दिलं होतं, सोबत वेल्डिंगचे फोटो. (सिल म्हणजे दाराखालची पोकळ लांब पट्टी, क्रॉस मेंबर म्हणजे बुडाची आडवी पट्टी.) साडेपाच लाखांना व्यवहार ठरला. गाडी सांगलीत घरी आली, दाराखाली स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. असल्याच एखाद्या गाडीचे फोटो मोबाइलवर परत परत बघत बसलेल्यांसाठी हे लिहितोय.

आधी हे समजून घ्या की यात नुसता पत्र्याचा प्रश्न नाही. मायनरला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. त्यात टूररला पत्र्याचं छत नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं जवळपास सगळं काम दाराखालच्या सिलवर आणि फ्लोअरवर येतं. कंपनीने म्हणूनच टूररच्या बुडाला सलूनपेक्षा, म्हणजे पत्र्याच्या छताच्या गाडीपेक्षा, जादा मजबुती दिलेली असते. आणि क्रॉस मेंबर म्हणाल, तर पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे, पिळले जाणारे दांडे) मागे येऊन तिथेच अडकवलेले असतात. तो कुजला की चाकाचा आधारच गेला. सलून गंजकी निघाली तर खर्चात पडता, टूरर गंजकी निघाली तर ती खड्ड्यात मधोमध वाकते.

आता डाव कसा टाकला ते बघा. गाडी बघायला गेलो तेव्हा खालून काळाकुळकुळीत अंडरकोट मारलेला, वासही जात नव्हता. सांगलीकर माणूस जुनी गाडी बघताना आधी कार्पेट उचलून गाळ शोधतो, २०१९ च्या महापुराने लावलेली सवय आहे ती. गाळ नव्हता. जॅक लावून बघतो म्हटलं, तर "साहेब, कोट ओला आहे अजून, ओरखडा पडेल, दोन दिवसांनी या." दोन दिवसांनी मात्र दुसरी पार्टी पैसे घेऊन येणार होती! रंगाखाली पत्राच आहे ना ते बघायला चुंबक फिरवू दिलं, तेही मोठ्या मनाने, कारण चुंबक चिकटणारच होतं. का, ते पुढे कळलं.

घरी जॅकिंग पॉइंटला जॅक लावला. जॅक वर आला, गाडी जागेवरच राहिली, आणि करकर करत पत्रा आत गेला. मग क्रॉस मेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू उचललं. पुढची-मागची टोकं खाली झुकली आणि दाराच्या वरच्या कडेची फट डोळ्यांदेखत रुंदावत गेली, शेवटी लॅच सुटून दार आपोआप उघडलं. मिरजेचे एक जुने डेंटर, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, शेजारीच उभे होते. वाकून बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "मालक, पापड हाय ह्यो."

आप्पांनी सिलचा बाहेरचा पत्रा ग्राइंडरने उभा कापला. पत्रा नवा, पण व्हर्नियरने मोजला तर ०.७ मिलिमीटर. तिथे १८ गेज, म्हणजे १.२ च्या आसपासचा हवा. तो जुन्या कुजक्या सिलवरच बाहेरून चढवलेला, अधूनमधून टॅक (वेल्डिंगचे सुटे ठिपके) मारलेले, सांध्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, घासून सारखी केलेली. चुंबक चिकटत होतं ते या पत्र्याला. आत पिवळा फोम. फोमच्या मागे फायबरचा थर, आणि त्यामागे वर्तमानपत्राचे बोळे. एकावर ऊसदराच्या आंदोलनाची बातमी अजून वाचता येत होती. फोमने पाणी धरून ठेवलेलं, त्यामुळे आतली मूळची पट्टी हातात घेतली की तिचा भुगा होत होता. पाणी निघून जायची भोकंसुद्धा लांबीने बुजवलेली.

मग फोटो परत उघडले. काम अप्रतिम होतं हो, प्लग वेल्ड (पत्र्याच्या भोकातून मारलेले) एका रेषेत. पण सिलच्या मधोमध, कडेला कापलेल्या फोटोत, एका खांबाचं बूड दिसतं. टूरर फक्त दोन दारांचीच निघाली, तिच्या सिलच्या मध्यावर खांब कुठून येणार? ते फोटो चार दारांच्या सलूनचे होते. दलालाला विचारलं तर आधी "सत्तर वर्षांची गाडी आहे, गंज येणारच", मग "डेंटरने फसवलं मला", आणि मग निळ्या टिक्सही येईनाशा झाल्या.

काम शेवटी घरच्या शेडमध्येच केलं. चाकं लावलेलीच ठेवून गाडी ॲक्सलखाली आधार देऊन लेव्हलला आणली. पेट्रोल टाकी बाहेर काढली. मायनरचा ब्रेक मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासी लेगमध्येच (बुडाच्या पोकळ उभ्या तुळईत) बसवलेला असतो, तोही ठिणगी पडायच्या आधी काढावा लागतो. कुपवाड एमआयडीसीत १.२ चा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा वाकवून घेतला. कापण्याआधी दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवे-तिरके टॅक केले, तिरपी मापं खडूने भिंतीवर लिहिली. एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापायला निघालेला डेंटर भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. क्रॉस मेंबर, मग आतली पट्टी, मग बाहेरची सिल. प्रत्येक टप्प्यावर दार लावून फट बघायची. सलग वेल्ड ओढायचा नाही, इथे एक टॅक, तिथे एक, नाहीतर उष्णतेने पत्रा वळतो. सांध्यांच्या आत झिंक प्रायमर, शेवटी पोकळीत मेण, आणि भोकं उघडी.

खर्च मूळ किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला. ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दलाल हा धंदाच करतो याला त्याच्या जाहिराती पुरावा आहेत, आणि "नवीन टाकलंय" हा मेसेज जपून ठेवलाय. तक्रारीला मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे "बघू, करू" म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या नादाने बसू नका. ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी देतो, असंही त्याने गाजर दाखवलं होतं. २०२१ च्या त्या नियमात चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. त्यामुळे सलूनचं छत कापून केलेली "टूरर" कोणी गळ्यात मारत असेल तर तिथेही अडकाल.

ज्याने खरंच काम केलंय त्याला एवढंच मागा: उघड्या सिलचा फोटो, त्याच फ्रेममध्ये चासी नंबरची पट्टी किंवा नंबर प्लेट. आणि जॅक आपला न्या.

तेच फोटो परवा पुन्हा दिसले, या वेळी दुसऱ्याच रंगाच्या टूररच्या जाहिरातीत. खांबाचं बूड तसंच आहे, आणि डाव्या कोपऱ्यात वेल्डिंगच्या सिलिंडरवर लाल फडकं टाकलेलं. तुमच्याकडे आले तर त्याला विचारा, मधला खांब कुठे गेला.