गी दलील यांचं 'प्योंगयांग': हसवतं, आणि मग हसू अडकतं

मी सात वर्षं अंधेरीतल्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत लाइटबॉक्सवर मान मोडून इनबिटवीन काढली आहेत. पात्राने हात वर केला, तर सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र परदेशातून यायचं, मधला सगळा हात आम्ही काढायचो. उत्तर कोरियावरचं हे पुस्तक मी घेतलं ते या कामापोटी.

दलील मूळचे कॅनडातल्या क्वेबेकचे. २००१ मध्ये एका फ्रेंच अ‍ॅनिमेशन कंपनीने त्यांना कोरियन चित्रकारांचं काम तपासायला उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्योंगयांगला पाठवलं. मजुरी स्वस्त पडते म्हणून काम तिथे गेलेलं. त्या दोन महिन्यांची ही हकिकत त्यांनी चित्रांतूनच सांगितली आहे, सगळी करड्या पेन्सिलीत.

मुक्काम तेदोंग नदीतल्या बेटावर, यांगाक्दो हॉटेलात. इमारत ४७ मजल्यांची, पण दिवे फक्त परदेशी पाहुण्यांच्या मजल्यावर. बाहेर पडायचं तर गाइड आणि दुभाषा सोबत हवेतच. करमत नाही म्हणून हा माणूस खोलीच्या खिडकीतून कागदी विमानं सोडतो, नदीपर्यंत पोचतात का बघतो. या पानांवर मी मोठ्याने हसले. १०५ मजल्यांचं र्‍युग्योंग हॉटेलही आहे: १९८७ मध्ये बांधायला घेतलं, ९२ मध्ये काम थांबलं, आणि शहराच्या डोक्यावर रिकामा काँक्रीटचा सुळका उभा राहिला. कुठूनही दिसतो, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

चित्रकार म्हणून मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं बघणं. प्रत्येक खोलीत हुकूमशहा बाप-लेकाचे, म्हणजे किम इल-सुंग आणि किम जोंग-इल यांचे फोटो. दलील जवळ जाऊन चौकट बघतात, तर ती वरच्या बाजूला जाड, खाली बारीक. त्यामुळे फोटो पुढे झुकतो, काचेवर उजेड चमकत नाही आणि नजर थेट तुमच्यावर येते. एवढ्या एका चौकटीत तो देश मला जितका कळला, तितका बातम्यांतून कधी कळला नव्हता. तसंच अ‍ॅकॉर्डियन वाजवणार्‍या लहान मुलींचं. बोटं सफाईने चालतात, पण सगळ्यांच्या ओठांवर हसू एकच, चिकटवल्यासारखं. ते पान मी पटकन उलटू शकले नाही.

आणखी एक प्रसंग. रस्त्यावर अपंग माणसं का दिसत नाहीत, असं ते गाइडला विचारतात. उत्तर येतं, आमच्याकडे नसतातच, सगळे धडधाकट जन्माला येतात. आणि तो हे मनापासून म्हणतोय, असं दलील यांना वाटतं.

इथेच माझी तक्रार आहे. ऑर्वेलची हुकूमशाहीवरची '१९८४' कादंबरी ते सोबत घेऊन जातात आणि तिथल्या एका माणसाला वाचायला देतात. तो ती घाबर्‍याघुबर्‍या परत करतो. प्रसंग विनोदी केलाय, मला मात्र राग आला. दलील विमानात बसून घरी जाणार, त्या माणसाला तिथेच राहायचंय. ज्याला उलटून बोलायची मुभा नाही त्याची अशी परीक्षा बघू नये. स्वतःच्या कंटाळ्यावर आणि सरकारी थाटावर हसवतात तिथे हे पुस्तक उत्तम आहे. गाइड-दुभाष्यांवर हसवतात तिथे मी त्यांच्याबरोबर नाही.

तरी घ्याच. हेल्गे डॅशर यांचा इंग्रजी अनुवाद अगदी सोपा आहे.

आमच्याकडे सीन रिटेकला, म्हणजे पुन्हा काढायला, आला की त्यावर लाल पेन्सिलीने शेरा असायचा. शेरा मारणारा कसा दिसतो, कुठे बसतो, दुपारी काय खातो, हे सात वर्षांत कळलं नाही. या पुस्तकात तो दिसला. समोरच्या टेबलांवर बसलेले ते कोरियन चित्रकार मात्र फार थोड्या चौकटींत येतात. त्यांच्यासाठी अजून दहा पानं हवी होती.