पन्नास एचपीच्या अलीकडे की पलीकडे? खान्देशात ट्रॅक्टर घेणाऱ्यासाठी

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि आपल्याकडे एक नवा हिशेब सुरू झाला. "वाचलेल्या पैशांत वरचं मॉडेल बसतंय, मग मोठाच घेऊन टाकू." सावदा-फैजपूरपासून शहाद्यापर्यंत हेच ऐकू येतं. शोरूमवाले तर सांगतातच की पुढचा जमाना मोठ्या ट्रॅक्टरचा आहे.

ज्याच्याकडे दहा-पंधरा एकर आहे, त्यात थोडी केळी, थोडा कापूस, मागून मका किंवा हरभरा, आणि ज्याला घेतलेला ट्रॅक्टर दहा-बारा वर्षं वापरायचा आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. त्याच्यापुढे दोन प्रश्न आहेत: केवढा घ्यायचा आणि कोणाचा घ्यायचा. आपण पारावर दुसऱ्यावरच वाद घालत बसतो. पण पैसा बुडतो तो बहुतेक वेळा पहिला चुकला म्हणून.

मोठा म्हणजे केवढा

अमेरिकेत जॉन डिअरने २०२४ मध्ये ८३० एचपीचा ट्रॅक्टर आणला, चाकांऐवजी चार पट्ट्यांवर चालणारा. आपल्याकडे ५५ च्या पुढे गेला की मोठा. महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होतं, त्यामुळे ही तुलना तिथेच थांबते.

पण तिकडे ट्रॅक्टर एवढे का वाढले ते बघण्यासारखं आहे. मुख्य कारण माणूस महाग. एका ड्रायव्हरच्या पगारात जितकं जास्त रान निघेल तितकं बरं, म्हणून यंत्र रुंद होत गेलं, जड होत गेलं. आता त्याच जॉन डिअरने जानेवारी २०२२ मध्ये ड्रायव्हरशिवाय चालणारा ८आर दाखवला. ड्रायव्हरच नसेल तर एक अवाढव्य यंत्र कशाला, चार लहान यंत्रं रात्रभर का चालू नयेत? जर्मनीच्या फेंट कंपनीने 'झेवर' नावाच्या प्रकल्पात लहान पेरणी-रोबोंची टोळी याच विचारातून तयार केली. थोडक्यात, जे आकार वाढवत आले तेच आता लहान यंत्राचाही विचार करताहेत. तेव्हा "जमाना मोठ्याचा" या एका वाक्यावर सात-आठ वर्षांचं कर्ज अंगावर घेऊ नये.

पन्नासची रेघ

खरी तुलना ४५ विरुद्ध ६५ अशी नाही. रेघ आहे पन्नासवर. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हा कडक धूर-नियम लागू झाला. त्याखालचे जुन्या नियमातच राहिले. म्हणूनच शोरूममध्ये ४९, ४९.५ अशा आकड्यांची गर्दी दिसते. कंपन्यांनी ती रेघ बघूनच मॉडेलं बसवली आहेत.

रेघेच्या पलीकडे गेलात की बॉनेटखालचं यंत्रच बदलतं. साध्या पंपाच्या जागी सीआरडीआय, म्हणजे जास्त दाबाने डिझेल फवारणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था येते, सेन्सर येतात, डिझेल किती आणि कधी मारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. याचे फायदे खरे आहेत. कमी फेऱ्यांवर ताकद मिळते, कामाच्या मानाने डिझेल बेताने जातं, धूर जवळजवळ दिसत नाही. तीन फाळी पलटी नांगर तापीकाठच्या काळ्या रानात ओढताना साधा ४५ चा जिथे दम टाकतो, तिथे हा सहज निघून जातो.

पण सीआरडीआयला डिझेल स्वच्छ लागतं, आणि आपल्या सवयी वेगळ्या आहेत. पंपावरून कॅन भरून आणायचा, गोठ्याजवळच्या ड्रममध्ये ओतायचा, लागेल तसं नळीने ओढून टाकीत सोडायचं. जूनमध्ये शेजारच्या शिवारात असाच एक मोठा ट्रॅक्टर बांधावर उभा राहिलेला पाहिला. मीटरवर लाल दिवा, इंजिन सुरू होतं पण वेग घेत नाही. फिल्टरखालची वाटी सोडली तर तळाला बोटभर पाणी आणि गंजाचा लाल गाळ. गावातल्या मिस्त्रीने तेवढं साफ केलं, पण दिवा गेला नाही, कारण आत नोंदलेला बिघाड काढायला कंपनीचं यंत्र जोडावं लागतं. ते घेऊन माणूस येईपर्यंत वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, निघून गेला होता. तोच मिस्त्री साधा पंप तासाभरात खोलून जोडतो.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरकडेच ठेवल्याचा आरोप करत, जॉन डिअरवर खटला भरला. दुरुस्ती कोणाच्या हातात राहणार, हे खरेदीआधीच विचारावं लागणार आहे.

रान काय सांगतं

खान्देशात रान एकसारखं नाही. तापी-पूर्णेकाठी खोल काळी, सातपुड्याच्या पायथ्याशी पोयट्याची, साक्रीकडे हलकी आणि मुरमाड. हलक्या रानात ६५ ची गरजच पडत नाही. काळ्या रानात पडते, पण तिथेच तो नुकसानही करतो.

पावसानंतर काळ्या रानात वाफसा आला की हातात मोजके दिवस असतात. मोठा ट्रॅक्टर त्या दिवसांत बरंच जास्त रान उरकतो, ही त्याची मोठी बाजू. पण त्याच ताकदीच्या भरवशावर माणूस ओलीतच घुसतो. रुंद टायरने वरचा थर वाचतो, खालचा नाही. खोल दाब ठरतो तो धुरीवरच्या (ॲक्सलवरच्या) वजनावर. नांगराच्या तळाखाली जो घट्ट पापुद्रा बसतो, तो पुढे कापसाच्या सोटमुळाला अडवतो आणि पाणीही मुरू देत नाही. ४५-४९ चा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. ६५ चा फोर-व्हील, मागे तीन फाळी नांगर आणि पुढे वजनं लावून, बराच पुढे जातो.

केळीचं तर गणितच निराळं. पाच बाय पाचच्या लागवडीत ओळीत पाच फूट मिळतात. नेहमीचा ट्रॅक्टर बाहेरून त्याहून रुंद असतो, तो आत जाणारच नाही. तिथे वीस-तीस एचपीचा मिनीच चालतो, तोही पानं एकमेकांना भिडेपर्यंत आणि ठिबकच्या नळ्या सांभाळून. ज्याचं अर्ध्याहून जास्त रान केळीत आहे, त्याच्यासाठी ६५ चा ट्रॅक्टर वर्षातला बराच काळ नुसती ट्रॉली ओढतो. ट्रॉलीला पावसाळ्यात फोर-व्हील हवी हे मान्य, पण फोर-व्हील ४५-४९ मध्येही मिळते.

मोठ्याला साजेशी कामं आपल्याकडे आहेत: पऱ्हाटीची (कापसाच्या वाळल्या झाडांची) कुट्टी, केळीचे खांब बारीक करणं, सात फुटी रोटाव्हेटर, खोल नांगरट, शहाद्याकडे उसाची वाहतूक. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) टाळून पऱ्हाटी वेळेत गाडावी लागते, त्यामुळे कुट्टीचं काम वाढतच जाणार. फक्त ही कामं एका शेतकऱ्याच्या पंधरा एकरांत वर्षातून थोडेच दिवस निघतात.

तासाचा भाव

समजा मोठ्या ट्रॅक्टरचे दोन सहामाही हप्ते मिळून वर्षाला अडीच लाख जातात. घरच्या रानात तो २५० तास चालला, तर डिझेल टाकण्याआधीच तासाला १,००० रुपये बसले. ८०० तास चालला तर ३१२. म्हणजे मोठा ट्रॅक्टर परवडतो तो भाड्याच्या कामावर. ज्याला भाड्याचं काम करायचं आहे, रात्री फोन घ्यायचे आहेत, उधारी वसूल करायची आहे, ड्रायव्हर टिकवायचा आहे, त्याने तो जरूर घ्यावा. तो त्याचा धंदा आहे आणि चांगला धंदा आहे. ज्याला शेतीच करायची आहे, त्याने ४५ ते ४९ चा घ्यावा आणि खोल नांगरट व कुट्टी गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरकडून किंवा अवजार बँकेकडून करून घ्यावी.

खान्देशात मोठे ट्रॅक्टर वाढतील, पण ते मोजक्या भाडेवाल्यांकडे. दर घरी एक, असं मला दिसत नाही. आणि जुन्या बाजारात ४५ ला चार गिऱ्हाईकं एका दिवसात मिळतात. सीआरडीआयवाला जुना घेणारा आधी मिस्त्रीला विचारतो.

नाव कोणाचं, मालक कोण

आता ब्रँड. इथे कंपन्यांच्या तीन तऱ्हा आहेत, आणि तिन्हींचा आपल्यावर वेगवेगळा परिणाम होतो.

पहिली तऱ्हा, एक नाव आणि एक रंग. जॉन डिअर हे ठळक उदाहरण: पुण्याजवळच्या सणसवाडीत बनणारा आपला ट्रॅक्टर आणि अमेरिकेतला ८३० चा, दोघांवर नाव एकच. नवं तंत्र वरून खाली त्याच नावात येतं, ब्रँड मधेच बंद होण्याची भीती कमी. पण दुरुस्तीचीही एकच वाट.

दुसरी, मालक एक आणि नावं अनेक. महिंद्राने २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स घेतली, तेव्हापासून स्वराज त्यांचं. टाफेने २००५ मध्ये आयशरचा ट्रॅक्टर धंदा घेतला. २०२२ पासून एस्कॉर्ट्स कुबोटा या एका छताखाली फार्मट्रॅक, पॉवरट्रॅक आणि कुबोटा आहेत. सीएनएचकडे निळा न्यू हॉलंड आणि लाल केस आयएच. दोन नावं ठेवण्याचं कारण आपणच आहोत. स्वराजवाला घराणं बदलत नाही. नाव पुसलं तर तो महिंद्राकडे येईलच याची खात्री नाही, दुसरीकडेही जाईल. म्हणून बाहेर रंग वेगळा, डीलर वेगळा. आत मात्र खर्च वाचवायला सुटे भाग हळूहळू एक होत जातात. घेणाऱ्याला ते चांगलंच, भाग मिळायला सोपे. धोका दुसरीकडे आहे. नवं महागडं तंत्र दोन्ही नावांना सारखं मिळेलच असं नाही, आणि मोठ्या ट्रॅक्टरमध्ये तर मालक एकाच नावावर जोर देतो. फेंटची मालक असलेल्या अमेरिकेच्या ॲग्कोने २००२ मध्ये कॅटरपिलरकडून घेतलेलं चॅलेंजर हे पट्ट्यांच्या ट्रॅक्टरचं नाव पुढे बाजूला सारलं आणि ती यंत्रं फेंटच्या नावात आणली. म्हणून ५० च्या खाली घेताना जुळं नाव चालेल, पण वर जायचं असेल तर मालकाचा मोठ्या गाड्यांचा मुख्य ब्रँड कोणता ते बघा.

तिसरी तऱ्हा, करारावरचं नाव. मॅसी फर्ग्युसन आपल्याकडे १९६० पासून टाफे बनवते, पण नाव अमेरिकेच्या ॲग्कोचं होतं. २०२४ मध्ये ॲग्कोने करार संपवले आणि वाद कोर्टात गेला. जुलै २०२५ मध्ये तडजोड झाली, आणि भारत, नेपाळ व भूतानसाठी ते नाव टाफेच्या मालकीचं झालं. आता मॅसी घेणाऱ्याला ती चिंता उरली नाही. पण मधल्या वर्षभरात घेणारा काय विचार करत असेल!

नावं नाहीशी होतात, हे आपण पाहिलंय. फोर्डने ट्रॅक्टरचा धंदा १९९१ मध्ये फियाटला दिला, तरी जुने लोक अजून फोर्डचंच कौतुक करतात. पिंजोरच्या एचएमटीचा ट्रॅक्टर १९७१ पासूनचा, तो कारखाना २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०२४ मध्ये शेतीचे ट्रॅक्टर बनवणं थांबवलं. साध्या इंजिनाचा ट्रॅक्टर कंपनी गेल्यावरही वर्षानुवर्षं चालतो, भाग कुठून ना कुठून जुळवता येतात. कॉम्प्युटरवाल्याचं सॉफ्टवेअर कुठून जुळवणार? ब्रँडचा धोका आणि पन्नासची रेघ इथे एकमेकांना भेटतात. जितका मोठा ट्रॅक्टर, तितका कंपनी टिकण्यावर आपला भरवसा जास्त.

शोरूममध्ये जाताना

एचपीचा आकडा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटरला मिळते ती पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची ताकद, आणि ती कमी असते. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. त्यात पीटीओची ताकद, तासाला डिझेल आणि लिफ्टची क्षमता दिलेली असते. दोन कंपन्यांच्या ४९ मध्ये तिथे फरक दिसतो.

पन्नासच्या वर जात असाल तर तीन गोष्टी लेखी घ्या: बिघाड वाचणारं यंत्र तुमच्या तालुक्याच्या डीलरकडे आहे की जळगाव-धुळ्याहून येणार, जूनमध्ये किती तासांत माणूस पोचेल, आणि इंजेक्टर किती वर्षं वॉरंटीत आहे. सेल्समन हसून टाळत असेल, तर त्याच्याच गिऱ्हाईकाच्या बांधावर जाऊन विचारा.

आणि खरेदी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) करू नका, दसरा-दिवाळीला करा. आखाजीला घेतलेला ट्रॅक्टर सरळ खरिपाच्या धांदलीत जातो आणि त्याची पहिली सर्व्हिस नेमकी पेरणीत येते. दसऱ्याला घेतला तर रब्बीच्या हलक्या कामात इंजिन मोकळं होतं, सुरुवातीच्या सर्व्हिस उरकतात, आणि त्याची काही खोड असेल तर ती जूनच्या आधी कळते.