सहा इंची डॉब आणि जोडतारे: दहा महिन्यांनंतर

दुर्बीण घेतली ती दीर्घिका बघायला. हे आधीच सांगून टाकतो, कारण घेताना बहुतेकांच्या डोक्यात तेच असतं. १५० मिमीचा आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर, खोक्यावर हाताने फिरवायची साधी डॉब्सोनियन (थोडक्यात डॉब). मोटर नाही, तारा आपोआप शोधून देणारी ‘गोटो’ यंत्रणा नाही. पहिल्या महिन्यात देवयानी दीर्घिका म्हणजे फळ्यावरचा अर्धवट पुसलेला खडू, आणि बाकीच्यांचा तर तेवढाही पत्ता नाही. माझ्या अंगणात रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड येतो, त्याला बिचारी दुर्बीण काय करणार?

मग एका रात्री, चंद्र डोक्यावर असताना, नुसता वैताग म्हणून मिथुन राशीतल्या कॅस्टरवर नळी वळवली. १० मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग), म्हणजे १२० पट मोठं चित्र. एका ताऱ्याचे दोन झाले. टाचणीच्या दोन पांढऱ्या डोक्यांसारखे, आणि मध्ये स्वच्छ काळी फट. ही फट साधारण साडेपाच आर्कसेकंदांची (आपल्या जुन्या भाषेत विकला, एका अंशाचा ३६००वा भाग). पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे १८०० आर्कसेकंद असते, त्यावरून अंदाज करा. त्या चांदण्याने काही बिघडलं नाही, दिव्यांनीही नाही. तेव्हापासून ही दुर्बीण जवळजवळ फक्त अशा जोडताऱ्यांसाठीच, म्हणजे साध्या डोळ्यांना एक पण दुर्बिणीतून दोन दिसणाऱ्या ताऱ्यांसाठीच, बाहेर निघते.

यंत्राबद्दल आधी. आरसा चांगला आहे. सोबत मिळालेला २५ मिमीचा आयपीस कामाचा, १० मिमीचा सुमार. तो दोन महिन्यांत बदलला आणि दोनपट बार्लो (चित्र दुप्पट मोठं करणारं जोडभिंग) घेतला, म्हणजे २४० पट मिळतात. फोकसरला (चित्र स्पष्ट करायला आयपीस पुढेमागे करणारा भाग) थोडी ढिलाई आहे, २४० पटीला बोट लावलं की चित्र हलतं. कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, सुरुवातीला अवघड वाटतं, पण आता पाच मिनिटांत होतं. दीर्घिका बघताना ते थोडं चुकलं तरी कळत नाही. जोडताऱ्यांत लगेच कळतं, ताऱ्याला एका बाजूला शेपूट फुटतं.

कागदावर या आरशाची दोन जवळचे तारे सुटे दाखवण्याची क्षमता ०.७७ आर्कसेकंद. डॉझचं सूत्र आहे: ११६ भागिले आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पण तो आकडा सारख्या तेजाच्या दोन ताऱ्यांसाठी आहे आणि त्यात हवा धरलेली नाही. हवेचा धडा मला उन्हाळ्यात मिळाला.

अभिजितच्या शेजारी एप्सिलॉन लायरी आहे, स्वरमंडलातली ती प्रसिद्ध दुहेरी जोडी. साध्या डोळ्यांना एक, नजर तीक्ष्ण असेल तर दोन, आणि दुर्बिणीतून त्या दोघांचेही दोन-दोन. प्रत्येक जोडीत सव्वादोन आर्कसेकंदांच्या आसपास अंतर. सहा इंचीला हे सोपं असायला हवं. मला मात्र तीन रात्री दोन फुगलेले कापसाचे बोळे दिसले. कॉलिमेशन दोनदा केलं, आयपीस पुसला, विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चौथ्या रात्री कंटाळून नळी बागेत नेली, फरशीवरून उचलून गवतावर. दिवसभर तापलेली फरशी आणि शेजारची भिंत रात्रभर उष्णता सोडत होती आणि मी नेमका त्या हवेतून बघत होतो! नळीला पाऊण तास थंड होऊ दिलं आणि मग बघितलं. चारही तारे सुटे, एका जोडीची रेघ दुसरीला जवळजवळ काटकोनात. तेव्हापासून दुर्बीण फरशीवर ठेवलेली नाही. या दहा महिन्यांतली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि ती फुकट झाली.

हंसातल्या अल्बिरिओ या जोडताऱ्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. सोनेरी आणि निळा, ३४-३५ आर्कसेकंद, ४८ पटीलाही भरपूर सुटे. फोकस किंचित बिघडवला तर रंग जास्त खुलतात. पाहुण्यांना दाखवायला उत्तम. मला स्वतःला भूतपातला इझार जास्त आवडतो. नारिंगी मोठा आणि त्याला चिकटल्यासारखा निळसर लहान, तीन आर्कसेकंदांच्या आत. खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हने त्याला लॅटिनमध्ये ‘सर्वांत सुंदर’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं आणि मी त्याच्याशी सहमत आहे.

कन्या राशीतल्या पोरिमावर मात्र वेगळाच जीव जडला. दोन सारखे तारे, एकमेकांभोवतीची फेरी १६९ वर्षांची. २००५ मध्ये ते इतके जवळ आले होते, सुमारे ०.४ आर्कसेकंद, की माझ्या दुर्बिणीला एकच तारा दिसला असता. आता तीन आर्कसेकंदांपलीकडे गेलेत. आकाशात काही बदलत नाही असं म्हणणाऱ्यांना हीच जोडी दाखवावी.

ज्येष्ठाचा हिरवट सोबती हवा असेल तर अंधाराची वाट बघू नका. तांबड्या ताऱ्याचा झगमगाट सगळं गिळतो. मी संधिप्रकाशात, आकाश अजून निळं असताना २४० पटीला बघितलं. मोटर नसल्याने तारा मिनिटभरात दृश्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो, पुन्हा ढकलावं लागतं. चौथ्या की पाचव्या खेपेला हवा क्षणभर थांबली आणि तांबड्या थेंबाच्या बाजूला एक बारीक ठिपका दोनदा लुकलुकला. हिरवा खरं तर नाहीच तो, तांबड्याशेजारी तसा वाटतो.

हे सरकणं सुरुवातीला त्रासाचं वाटायचं, आता उपयोगाचं वाटतं. तारा ज्या दिशेने बाहेर जातो ती पश्चिम, म्हणजे आयपीसमधली दिशा आयती मिळते. मी आधी कॅटलॉग न बघता वहीत गोल काढतो, सोबती कुठे दिसला ते टिंब देतो आणि मग स्थितिकोन, म्हणजे मुख्य ताऱ्यापासून सोबती कोणत्या दिशेला आहे तो कोन, ताडून बघतो. कोन उत्तरेकडून पूर्वेकडे मोजायचा. सुरुवातीची निम्मी टिंबं १८० अंशांनी उलटी निघाली, कारण या प्रकारच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं हे मी सोयीस्कर विसरत होतो.

हार एकच, व्याध. त्याचा श्वेतबटू (आयुष्य संपलेला, छोटा पण जड तारा) सोबती खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८४४ मध्ये गणिताने ओळखला, दुर्बिणी बनवणाऱ्या क्लार्कने १८६२ मध्ये नव्या भिंगाची परीक्षा घेताना बघितला. फेरी ५० वर्षांची आणि सध्या अंतर ११ आर्कसेकंदांच्या आसपास, म्हणजे बघायला चांगला काळ. अडचण तेजाची आहे, व्याध त्याच्या सुमारे दहा हजार पट तेजस्वी. सराव म्हणून मृगातल्या राजन्य ताऱ्याचा सोबती बघितला, तो साडेनऊ आर्कसेकंदांवर आहे आणि शांत हवेत सहज सापडतो. व्याधावर चार रात्री घातल्या. वहीत दोन ठिकाणी ‘दिसला?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं होतं. परवा पानं चाळताना लक्षात आलं की सध्या सोबती पूर्वेकडे आहे, म्हणजे सरकताना तो व्याधाच्या मागून यायला हवा. मी दोन्ही वेळा टिंब पुढे काढलं होतं. दोन्ही नोंदी खोडल्या.