आठ महिने कानाने इंग्रजी: सहा मिनिटांचे कार्यक्रम, गाणी आणि चित्रपटांतील प्रसंग

राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. त्याआधीच्या आम्हा मंडळींची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. त्यामुळे व्याकरण पक्के आणि पत्रव्यवहार नीटनेटका, पण परदेशी ग्राहकाचा फोन आला की धांदल, अशी माझी अवस्था शिरोलीच्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) अठरा वर्षे काढल्यावरही होती. आधी एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली. चित्रे आणि शब्दांच्या जोड्या लावण्यापलीकडे त्यात काही निघाले नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. त्यानंतर मात्र फुकट मिळणाऱ्या साधनांवरच रोज पाऊण तास दिला.

सुरुवात बीबीसीच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’पासून केली. दोन निवेदक आरंभी एक प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर शेवटी देतात, म्हणून कार्यक्रम अर्ध्यात सोडवत नाही. संहिता संकेतस्थळावर असते; ती आधी न वाचता दोनदा ऐकावे आणि मगच उघडावी, हे मला महिनाभराने उमगले. कमतरता एकच, की निवेदक फार स्वच्छ बोलतात आणि आमचे ग्राहक तसे बोलत नाहीत.

ती उणीव चित्रपटांतील प्रसंगांनी भरून काढली. चाळीस सेकंदांचा एकच प्रसंग यूट्यूबवर 0.75 वेगाने दहा वेळा ऐकायचा, आणि उपशीर्षके लावायचीच तर इंग्रजीच लावायची, कारण हिंदी ओळी दिसल्या की डोळे कामाला लागतात आणि कान सुटीवर जातात. स्वयंचलित उपशीर्षकांवर विसंबू नये, विशेषनामांचा ती पार चुथडा करतात. या सरावातूनच माझी एक जुनी चूक सापडली. ड्रॉइंगमधील एका बदलाविषयी अमेरिकन ग्राहक फोनवर ‘वुई कॅन्ट ॲक्सेप्ट’ म्हणाला होता. मला स्पष्ट ‘कॅन’ ऐकू आले, मी होकार कळवला आणि पॅटर्न शॉपचा, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या विभागाचा, अर्धा दिवस वाया गेला. अमेरिकन बोलण्यात होकारार्थी वाक्यातला ‘कॅन’ बहुधा आखडून ‘कन’ होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो. नकारात मात्र ‘कॅन’ ठसठशीत येतो आणि शेवटचा ‘ट’ घशातच राहतो. म्हणजे आपण ज्याला खणखणीत होकार समजतो, तोच बहुतेक वेळा नकार असतो. शाळेत हे कोणी सांगितले नव्हते.

गाण्यांबद्दल माझे मत संमिश्र आहे. 1964 च्या ‘माय फेअर लेडी’ या चित्रपटातील ‘द रेन इन स्पेन’ हे गाणे उच्चारांच्या शिकवणीचेच आहे. त्यातील नायिका एलायझा ‘रेन’चे ‘राइन’ करते, तर आपली चूक वेगळी. मराठी ‘ए’ जागचा हलत नाही, इंग्रजी ‘ए’ मात्र शेवटी ‘इ’कडे घसरतो. स्वयंपाकघरात हे घोटताना लेक मनसोक्त हसली, पण ‘डे’, ‘पे’, ‘डिले’ हे शब्द सुधारले. इतर बहुतेक गाण्यांत आघात चालीप्रमाणे सरकतो, स्वर ताणले जातात आणि व्याकरण वाऱ्यावर असते. तिथून उचललेला ‘गॉना’ (‘गोइंग टू’चे बोली रूप) मी एकदा कार्यालयीन मेलमध्ये लिहून बसले. गाणी शब्द एकमेकांत कसे मिसळतात ते ऐकण्यासाठी ठेवावीत, वाक्यरचनेसाठी मुळीच नकोत.

एखादा शब्द अडला तर यूग्लिश या संकेतस्थळावर तो टाइप केल्यावर निरनिराळे लोक प्रत्यक्ष बोलतानाच्या चित्रफिती एकापाठोपाठ मिळतात; शब्दकोशातील एकट्या उच्चारापेक्षा मला त्यांचा उपयोग अधिक झाला. तिघे-चौघे एकमेकांची थट्टा करत बोलू लागले की मी अजूनही हरवते.

गेल्या आठवड्यात त्याच ग्राहकाचा फोन आला. वाक्यात ‘कॅन’ ठसठशीत ऐकू येताच मी पॅटर्न शॉपला काम थांबवायला सांगितले, आणि तरीही त्याच्याकडून मेल मागवून घेतला.