विंडोज 7 चा जुना पीसी असेल तर तो बंद पडायच्या आधीच कुडाळच्या या दुकानात घेऊन या

वेंगुर्ल्याजवळ आमचा छोटा काजू कारखाना आहे आणि ऑफिसात अजून विंडोज 7 चाच पीसी चालतो, कारण बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे, ते बनवून देणाऱ्याने कधीच काम सोडलंय आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मागच्या जाड पोर्टवरच चालतो. मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला विंडोज 7 चा सपोर्ट बंद केला हे माहितीये, म्हणून त्या पीसीला नेट लावतच नाही.

गेल्या जुलैत दोन दिवस लाइट नव्हती, आली तेव्हा पीसी चालू केला तर निळी स्क्रीन यायची आणि आपोआप रिस्टार्ट, परत निळी, परत रिस्टार्ट. आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेला, त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. त्यात अख्ख्या सीझनचा बीचा हिशोब होता, कुणाची किती बी आली, कुणाचे किती द्यायचे राहिलेत, सगळं. आई तर ऐकून खालीच बसली. मग भावोजींनी कुडाळच्या या दुकानात न्यायला सांगितलं.

इथल्या दादांनी हार्डडिस्कला हात लावायच्या आधी बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) उघडून मला स्क्रीन दाखवली, तारीख होती 1 जानेवारी 2009. म्हणाले, "सेल गेलो हा, हार्डडिस्क बरी आसा, घाबरा नको." मदरबोर्डवर तो रुपयाएवढा सीआर 2032 सेल असतो ना, तो संपला आणि लाइटपण गेली की बायोसची सेटिंग पहिल्यासारखी होते. आमच्यात हार्डडिस्कचा मोड, म्हणजे पीसीने तिच्याशी बोलायची पद्धत, एएचसीआय होता तो आयडीई झाला होता, आणि विंडोज 7 ला असा मोड बदललेला चालत नाही, शेवटी 7बी असलेला एरर कोड येतो तो यामुळेच. सेल बदलला, मोड परत एएचसीआय केला, पीसी सुरू! ज्याला फॉरमॅट सांगितला होता त्याचे घेतले फक्त 100 रुपये.

पण रिव्ह्यू लिहितोय तो पुढच्या कामासाठी. त्यांनीच सुचवलं की पीसी चालू आहे तोवर रिकव्हरीचं सगळं सामान बनवून ठेवा. पहिला प्रश्न, विंडोज 32 बिट की 64? कारण रिपेअर डिस्क (विंडोज सुरू झालं नाही तर जिच्यावरून पीसी चालू करून दुरुस्त करतात ती सीडी) त्याच जातीची लागते, 64 ची डिस्क 32 च्या विंडोजला चालत नाही. स्टार्टमध्ये रेकडिस्क (recdisc) टाइप केलं की विंडोज स्वतःच ही सीडी बनवून देतं, मला इतकी वर्षं माहितीच नव्हतं. फक्त सीडी रायटर लागतो, पेन ड्राइव्हवर ते बनवत नाही, आणि आमचा रायटर दमट हवेने कधीच गेलेला, तर त्यांनी स्वतःचा बाहेरून लावला. दोन सीड्या काढल्या, एक कारखान्यात आणि एक घरी कपाटात, कारण पावसाळ्यात आमच्याकडे सीडीला बुरशी धरते.

मग माझ्याच 1 टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर पूर्ण सिस्टीमची इमेज, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, डेटा सगळ्याची जशीच्या तशी कॉपी, घेतली. त्या फोल्डरचं नाव बदलायचं नाही, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायचं नाही, नाहीतर रिपेअर डिस्कला इमेज सापडत नाही, हे त्यांनी डिस्कवरच चिकटपट्टी लावून लिहून दिलंय.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी इमेज चालते का ते करून दाखवलं. आमची हार्डडिस्क काढून बाजूला ठेवली, दुकानातली तेवढ्याच साइजची जुनी डिस्क लावली, सीडीवरून बूट केलं आणि इमेज टाकायला लावली. पाऊण तास मी तिथेच बसून होतो. मग पीसी सुरू झाला, बिलिंग उघडलं, शेवटचं बिल जसंच्या तसं समोर, तेव्हा खरंच बरं वाटलं. नंतर ती डिस्क माझ्यासमोर पुसून टाकली.

कमांड प्रॉम्प्टपण, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, शिकवलं थोडं. सीडीवरून बूट केल्यावर सी ड्राइव्ह म्हणजे आपला सी असेलच असं नाही, कधी 100 एमबीचं सिस्टीम रिझर्व्ह्ड पार्टिशन सी होतं आणि आपलं विंडोज डी वर दिसतं, म्हणून चेकडिस्क (डिस्क तपासायची कमांड) मारायच्या आधी डीआयआर (dir, ड्राइव्हवर काय आहे ते दाखवणारी कमांड) टाइप करून बघायचं. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतलं, बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी असताना.

आता थोडं नावडलेलं. काम एका दिवसाचं सांगितलं आणि लागले चार दिवस, फोन उचलत नाहीत, आणि यूपीएसची बॅटरी मागितली तर शिल्लक नव्हती. सीड्या, इमेज, चाचणी मिळून 900 घेतले, बाहेरची डिस्क आपली आपण न्यायची. इमेज ही त्या दिवसापर्यंतचीच असते, पुढची बिलं तिच्यात येत नाहीत, त्यामुळे बिलिंगचा फोल्डर मी रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर वेगळा घेतो. पेन ड्राइव्ह काळ्या यूएसबी पोर्टला लावा असं दादांनी बजावलंय, निळ्याला (यूएसबी 3.0) विंडोज 7 स्वतःहून ओळखत नाही आणि रिपेअरच्या वेळी कीबोर्डसुद्धा निळ्यात असेल तर चालत नाही.

आता मे संपला की नवीन इमेज घ्यायला परत जाणार आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत.