आठ महिने स्टोरेज सेन्स वापरून: जागा मिळाली, पण ती डाउनलोड्सची ओळ तिथून काढा

विंडोजचं अपडेट अडकलं म्हणून या स्टोरेज सेन्सच्या (नको असलेल्या फाइल्स आपोआप काढणारी विंडोजचीच सोय) भानगडीत पडलो, नाहीतर सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीये हे दोन महिने बघून न बघितल्यासारखं करत होतो. लॅपटॉप जुना, एसएसडी (म्हणजे सगळं साठवायची डिस्क) १२८ जीबीचा (विंडोजमध्ये ११९ दिसतात), आणि शिल्लक दीड जीबी. जो तो म्हणे मोठा एसएसडी टाक. नीट चालणारी वस्तू नुसती भरली म्हणून बदलायची हे मला पटत नाही, आधी आत काय साठलंय ते तरी बघू.

सुरुवातीला एक फुकटचा क्लीनर टाकला, तो वेळ वाया गेला. चार जीबी काढले म्हणाला आणि सोबत कुकीजही पुसल्या, म्हणजे सगळ्या साइट्सवर परत लॉगिन करत बसा. बरं ते चार जीबी बहुतेक ब्राउझरचा कॅशे (साइट्सचा तात्पुरता साठा) होता, जो आठवड्यात परत भरला, भरणारच, पानं लवकर उघडावीत म्हणूनच तो असतो. वर रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्राम्सची सेटिंग्ज जिथे साठतात ती) साफ करा म्हणून मागे लागला. रजिस्ट्रीतून जागा अशी काहीच मिळत नाही हो, उलट काही बिघडलं तर निस्तरणं अवघड. काढून टाकला.

मग सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज. स्टोरेज सेन्स विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे, मी कधी उघडूनच बघितलं नव्हतं. चालू केलं, महिनाभर काहीच फरक नाही, मी तर सगळ्यांना सांगत सुटलो की हे बटण नुसतं नावाला आहे. चूक माझीच होती. ते कधी चालवायचं याच्यापुढे 'जागा कमी झाल्यावर' असं होतं, आणि तोवर मी हाताने थोडी जागा केलेली असल्यामुळे त्याची पाळीच येत नव्हती. 'दर आठवड्याला' केलं, रिसायकल बिन १४ दिवसांवर ठेवला, आणि तेव्हापासून शिल्लक जागा १५ जीबीच्या खाली गेलेली नाही. अपडेटही विनातक्रार होतात.

हाताने केलं ते असं: जुन्या अपडेट्सच्या उरलेल्या फाइल्स सहा जीबी, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या (अपडेट्स इतर मशीन्सशी वाटून घेण्यासाठी साठवलेल्या) दोन, त्या बिनधास्त काढा. टेम्प फोल्डर (प्रोग्राम्सच्या तात्पुरत्या फाइल्सचं) साफ करण्याआधी मशीन रीस्टार्ट करा, 'फाइल वापरात आहे' म्हणाला तर स्किप, जबरदस्ती नको. व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रामने स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये नऊ जीबीचा कॅशे साठवला होता, त्याला स्टोरेज सेन्स हात लावत नाही, तो त्या प्रोग्रामच्याच सेटिंगमधून काढावा लागला. थंबनेल्स (फोटोंची छोटी चित्रं) मात्र राहू द्या, काढल्या की फोटोंचं फोल्डर उघडताना सगळ्या परत बनत बसतात. आणि विनएसएक्सएस हे फोल्डर कितीही मोठं दिसलं तरी हाताने डिलीट करू नका, विंडोजचे मूळ भाग तिथे असतात.

आता माझा मुख्य राग. त्याच स्टोरेजच्या पानावर 'टेम्पररी फाइल्स' अशा नावाची यादी, आणि त्या यादीत 'डाउनलोड्स'! डाउनलोड्स टेम्पररी कधीपासून झालं? माझ्या त्या फोल्डरमध्ये आईचे मेडिकल रिपोर्ट होते, माझ्या मार्कशीटचे स्कॅन होते. मी घाईघाईत सगळ्या चौकोनांत टिक करत सुटलेलो, बटण दाबणार तेवढ्यात त्या ओळीपुढचे सात जीबी दिसले आणि हात थांबला. इथून काढलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, गेलं ते गेलं. स्टोरेज सेन्समध्येही तोच पर्याय आहे, 'इतके दिवस न उघडलेल्या' डाउनलोड्समधल्या फाइल्स काढा. अहो पण मार्कशीट रोज कोण उघडतं? वर्षानुवर्षं न उघडलेली फाइलच नेमकी जपायची असते. डिस्क क्लीनअप या विंडोजच्या जुन्या साफसफाईच्या प्रोग्राममध्ये २०१८ च्या अपडेटला हीच ओळ घातली होती आणि २०२० मध्ये काढली, मग इथे का ठेवलीये?

हे लिहिता लिहिता यादी परत उघडून बघितली, तर डाउनलोड्सपुढे आपोआप टिक नसते, आणि स्टोरेज सेन्समध्ये तो पर्याय मुळात 'कधीच नाही' वर असतो. तेवढं श्रेय द्यायलाच पाहिजे, म्हणून तीनचे चार स्टार करतोय. पाचवा ती ओळ निघेल तेव्हा.

अजून जागा हवी असेल आणि हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करायची सोय) वापरत नसाल तर ते बंद करा, माझ्या ८ जीबी रॅमवर तीन जीबीच्या वर मिळाले. फास्ट स्टार्टअपही (मशीन लवकर सुरू व्हायची सोय) त्याबरोबर जातं, पण एसएसडीवर मला फारसा फरक जाणवला नाही. परवा भावाच्या मशीनवरही आठवड्याचं सेटिंग लावून दिलं, आणि डाउनलोड्सपुढे 'कधीच नाही' आहे ना हे उठायच्या आधी दोनदा बघितलं.