एव्हान्स रिअलफील १२ इंची प्रॅक्टिस पॅड: डावा हात सुधारायचा असेल तर घ्याच

ड्रम वाजवताना हातांचं कोऑर्डिनेशन सुधारायचं म्हटलं की लोक आधी किट, म्हणजे पूर्ण ड्रमसेट, बघायला लागतात, पण खरं काम पॅडवरच, म्हणजे सरावाच्या रबरी पाटीवरच होतं असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी हा पॅड मला जाम आवडलाय.

अष्टकोनी आहे, दोन बाजूवाला. एका बाजूला गम रबर, ती मऊ आणि आवाज कमी, दुसरी कडक. फ्लॅटमध्ये रात्री वाजवायचं तर मऊ बाजूच बरी. फक्त टेबलावर तसाच ठेवू नका, लाकडातून ठकठक खालच्या मजल्यापर्यंत जाते, खाली टॉवेलची घडी ठेवा नाहीतर सरळ स्नेअर (किटमधला मुख्य छोटा ड्रम) ठेवायच्या स्टँडवर लावा, १२ इंची त्यात नीट बसतो.

दिवसा मात्र मी कडक बाजूच घेते, कारण तिच्यावर प्रत्येक स्ट्रोक सुटा ऐकू येतो आणि डावा कुठे दबतोय ते लगेच कळतं. डबल स्ट्रोक रोल घ्या, म्हणजे प्रत्येक हाताने सलग दोन-दोन स्ट्रोक, मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्यात चार स्ट्रोक. उजवा-उजवा-डावा-डावा. बहुतेकांच्या डाव्याचा दुसरा स्ट्रोक हलका पडतो, किटवर सिंबलच्या (झांजांच्या) गोंगाटात तो लपून जातो, इथे लपत नाही. मग स्पीड वाढवायचा नाही, तिथेच थांबून दुसऱ्या स्ट्रोकला बोटांनी स्टिक किंचित आत ओढायची, दोन्ही सारखे ऐकू येईपर्यंत.

पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या यादीत ४० रुडिमेंट्स, म्हणजे हातांचे मूलभूत पॅटर्न आहेत, पण सुरुवातीला सगळ्यांच्या मागे लागायची काहीच गरज नाही. सिंगल (आळीपाळीने एकेक स्ट्रोक), डबल, फ्लॅम (मुख्य स्ट्रोकच्या किंचित आधी दुसऱ्या हाताचा हलका स्ट्रोक) आणि पॅराडिडल एवढ्यात भरपूर काम आहे. पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. हेच किटवर नेऊन उजवा हायहॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) आणि डावा स्नेअरवर ठेवून बघा, आठ स्ट्रोकमधला दुसरा, पाचवा, सातवा, आठवा स्नेअरवर येतो, त्यातला पाचवा जोरात आणि बाकीचे तीन अगदी हळू वाजवले की बॅकबीटवाला (दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर जोर असलेला) ग्रूव्ह, म्हणजे ठेका तयार! पॅडवर घासलेलं हाताला किती लागलंय ते तेव्हा कळतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही रबर पॅडला लागू आहे, स्टिक आपोआप उसळते त्यामुळे मनगटाला थोडी सूट मिळते. म्हणून तेच रुडिमेंट थोडा वेळ उशीवर वाजवा, तिथे उसळी नाहीच, प्रत्येक स्ट्रोक हातानेच उचलावा लागतो. पथकात ताशा वाजवणाऱ्यांनाही सिंगल आणि फ्लॅमसाठी हा पॅड चालेल, फक्त ताशाच्या काड्या बारीक असतात, तेव्हा थोडी प्रॅक्टिस त्याच काड्यांनी करा, ५ए (ड्रमस्टिकचा नेहमीचा मध्यम आकार) स्टिकचं वजन वेगळं पडतं.

याचाच ६ इंची पण मिळतो, प्रवासाला ठीक, पण घरी एकच ठेवायचा असेल तर १२ इंचीच घ्या, दोन्ही हात मोकळे पडतात.